पिया सुंडहागे: खेळाडू म्हणून मोठी की कोच म्हणून?

पेनल्टी_स्पॉट

बायकांच्या फुटबॉलवर धागा काढला तर किती जण फिरकतील माहीत नाही, पण २०२५ च्या युरो स्पर्धेपासून (युरोपातल्या देशांची स्पर्धा) हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून काढतेच. त्या युरोत यजमान स्वित्झर्लंडच्या बाकाजवळ एक पिकल्या केसांची, पासष्ट वर्षांची बाई उभी असायची, ती पिया सुंडहागे. जन्म १९६० चा, स्वीडनमधल्या उल्रिसेहाम्नचा. पंधराव्या वर्षी, १९७५ मधे, देशासाठी पहिली मॅच आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकनंतर निवृत्ती. मधल्या काळात १४६ मॅचेस आणि ७१ गोल. पुढे कोच म्हणून अमेरिकेला दोन ऑलिंपिक सुवर्णं, स्वीडनला एक रौप्य, ब्राझीलला कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), आणि २०२५ मधे स्विस टीमला पहिल्यांदाच युरोच्या क्वार्टर फायनलमधे नेलंन. चार देश, चार वेगळ्या तऱ्हेच्या टीम्स.

आता खेळाडू म्हणून जे केलं त्यातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते १९८४. बायकांची पहिली युरो स्पर्धा, फक्त चार टीम्स, आणि युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, वाटायचं की बायकांना पूर्ण मॅच झेपणार नाही म्हणून ३५-३५ मिनिटांचे हाफ आणि बॉलसुद्धा लहान, चार नंबरचा! फायनल दोन लेगची, म्हणजे दोन्ही देशांत एकेक मॅच. पहिला लेग गोथेनबर्गला, स्वीडन १-० ने जिंकलं, गोल पियाचा. दुसरा लेग इंग्लंडमधे ल्यूटनला, मैदान म्हणजे नुसता चिखल, इंग्लंडने १-० करून बरोबरी साधली आणि मग पेनल्ट्या. शेवटची, जिंकून देणारी पेनल्टी कोणी मारली? पियानेच. ४-३. चोवीस वर्षांची होती. १९८८ मधे स्वीडनने तिच्या चित्राचं पोस्टाचं तिकीट काढलं.

तर प्रश्न असा की हिचं मोठं काम कुठलं? माझं मत कोचिंग. तुमचं काय?

डावा_विंगर

चला, क्रिकेट सोडून कायतरी आलं. मी खेळाडू म्हणेन. १९९१ चा पहिला वर्ल्ड कप चीनमधे झाला, क्वार्टर फायनल यजमान चीनशीच, ग्वांगझूचं स्टेडियम भरलेलं, आणि हिने पहिल्या काही मिनिटांतच गोल मारून सगळं स्टेडियम गप्प केलं. १-० वर मॅच संपली. मग तिसऱ्या जागेच्या मॅचमधे जर्मनीला ४-०. १९८५ ला लॅझिओकडून इटलीतही खेळून आलेली. त्या काळात बायकांना फुटबॉल खेळून किती पैसे मिळत असतील याचा विचार करा, तरी वीसेक वर्षं देशासाठी खेळणं म्हणजे वेड लागतं त्याला.

ऑफसाईड_काका

कोच म्हणून मोठी? क्षमा करा पण आयत्या बिळावर नागोबा. अमेरिकेची टीम ती येण्याआधीच १९९१ आणि १९९९ चा वर्ल्ड कप आणि १९९६ आणि २००४ चं ऑलिंपिक जिंकून बसलेली. त्या टीमला कोणीही कोच दिला असता तरी मेडल आलंच असतं. उलट हिच्या काळात वर्ल्ड कप हुकला, २०११ ची फायनल जपानशी हरले, तेही दोनदा लीड घेऊन. ती गेल्यावर जिल एलिसने २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप आणले. हिशोब करा.

पेनल्टी_स्पॉट

काका, ती आली तेव्हा टीमची काय अवस्था होती ते विसरताय. २००७ च्या वर्ल्ड कपची सेमी. कोच ग्रेग रायन. होप सोलो गोलकीपर म्हणून मस्त खेळत होती, तिला ऐन सेमीला बसवलं आणि अनुभवी ब्रायाना स्करीला उतरवलं. ब्राझीलने ४-० ने धुतलं. सोलो मॅचनंतर कॅमेऱ्यासमोर सरळ म्हणाली की हा निर्णय चुकला, मी असते तर ते गोल अडवले असते. झालं, टीममधल्या बाकीच्या मुलींनी तिला वाळीत टाकलं, तिसऱ्या जागेच्या मॅचलाही ती टीमबरोबर नव्हती. रायनची नोकरी गेली. आणि त्या भाजलेल्या घरात पिया आली, पहिल्याच मीटिंगला गिटार काढून गायला लागली. सगळ्या मुली एकमेकींकडे बघतायत की ही कोण बाई आहे.

मग तिने सोलोला परत घेतलं. मैत्री करा असं नाही म्हणाली, पण जिंकायचं असेल तर चांगली गोलकीपर लागते आणि त्यासाठी झालं गेलं बाजूला ठेवावं लागेल हे सगळ्यांच्या गळी उतरवलं. २००८ ला बीजिंगमधे तीच सोलो गोलमधे होती, ब्राझील एवढे हल्ले करत होतं आणि ती अडवत होती, शेवटी एक्स्ट्रा टाइममधे कार्ली लॉइडचा गोल, १-०.

आणि हो, ते ऑलिंपिक सुरू व्हायच्या थोडं आधी सराव सामन्यात अॅबी वॅम्बाकचा पाय मोडलेला. टीमची मुख्य स्ट्रायकरच गेली. पहिली मॅच नॉर्वेशी, पाच मिनिटं व्हायच्या आत दोन गोल खाल्ले, ०-२ ने हरले. तिथून सुवर्ण. "कोणीही कोच दिला असता" म्हणे.

बाकावरचा_बंडू

आमच्या आयडीला साजेसा मुद्दा मांडतो. ही बाई म्हणजे बाकावरच्यांची कोच आहे, जरा बघा.

२००८: वॅम्बाकच्या जागी अँजेला हकल्स, जी एरवी बाकावरच असायची, तिने त्या ऑलिंपिकमधे चार गोल मारले.

२०११ ची फायनल: अॅलेक्स मॉर्गन हाफटाइमला बदली म्हणून आली, बावीस वर्षांची पोरगी, अमेरिकेचा पहिला गोल तिचा. त्याआधी वर्ल्ड कपला पात्र ठरायचेच वांधे झालेले, मेक्सिकोशी हरून इटलीबरोबर प्लेऑफ खेळावा लागला होता, तिथेही इटलीत इंज्युरी टाइममधे गोल कोणाचा, मॉर्गनचाच आणि तेव्हाही बाकावरून उठूनच.

२०१२ लंडन: लॉइडला स्पर्धेच्या सुरुवातीला टीममधून काढून बाकावर बसवलेलं. पहिल्याच मॅचमधे शॅनन बॉक्सला दुखापत झाली, लॉइड आत आली, फ्रान्सविरुद्ध ०-२ वरून ४-२ झालं आणि शेवटी वेम्बलीवर जपानविरुद्धच्या फायनलमधे दोन्ही गोल लॉइडचे. ८०,००० च्या वर पब्लिक होतं.

२०१६: स्टिना ब्लॅकस्टेनियस, वीस वर्षांची, बदली म्हणून आली आणि अमेरिकेविरुद्ध गोल.

२०२५: फिनलंडविरुद्ध रिओला झेमायली, बदली म्हणून आली, ९२ व्या मिनिटाला गोल, स्वित्झर्लंड पुढे.

आता हा योगायोग म्हणायचा का?

चौथा_अंपायर

@बाकावरचा_बंडू हे वाचून मजा आली. मी क्रिकेटवाला माणूस, फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण एक विचारतो. लॉइडला बसवणं ही चूक म्हणायची ना मग? बॉक्सला लागलं नसतं तर लॉइड बाकावरच राहिली असती, आणि फायनलचे दोन गोल कुठून आले असते? क्रेडिट कोचला कसं काय?

ऑफसाईड_काका

अगदी बरोबर बोललात अंपायर साहेब. नशीब. दुसरं काय.

निळी_जर्सी

मी फारशी लिहीत नाही पण लॉइडचा विषय निघालाय म्हणून. पियाने नंतर, २०१५ च्या वर्ल्ड कपच्या आधी, एका अमेरिकन पेपरला मुलाखत दिली त्यात सांगितलं होतं की लॉइडला सांभाळणं अवघड होतं, कोचचा तिच्यावर विश्वास आहे असं तिला वाटलं की ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी, आणि तसं नाही वाटलं की एकदम वाईट खेळायची. म्हणजे तिला हे माहीत होतं. मग माहीत असूनही बसवलं का? माझं वाचन असं की मधल्या फळीत बॉक्स आणि लॉरेन चेनी ही जोडी बॉल जास्त सांभाळते, आणि पियाला अमेरिकन टीमच्या डोक्यातून ते "लांब फेका आणि पळा" काढायचं होतं. तिचा आग्रह पासिंगचा होता. लॉइडकडून त्या काळात पास फार चुकायचे. म्हणजे निर्णय नुसता लहरी नव्हता. पण बॉक्सला दुखापत झाल्यावर, सतराव्या मिनिटाच्या आसपास, बाकावरून उठवलं लॉइडलाच, आणि फ्रान्सविरुद्ध लीड मिळवून देणारा गोलही तिचाच, आणि त्यानंतर तिला परत बसवलं नाही. काही कोच स्वतःचा आधीचा निर्णय बरोबर ठरवायला पुढच्या मॅचला मूळ टीमवर परत जातात. हिने तसं नाही केलं.

बाय द वे, तिचे अमेरिकेबरोबरचे आकडे: १०७ मॅचेस, ९१ विजय, १० ड्रॉ, फक्त ६ हार. २०१२ चा फिफाचा जगातली सर्वोत्तम महिला-फुटबॉल कोच हा पुरस्कार तिलाच.

डावा_विंगर

त्या सहा हारींपैकी एक २०११ च्या ग्रुप स्टेजमधली, स्वीडनने हरवलं होतं २-१. म्हणजे स्वतःच्याच देशाकडून. तेव्हा स्वीडनचा कोच थॉमस डेनरबी, जो पुढे आपल्या भारतीय मुलींचा कोच झाला. जग किती लहान आहे.

ऑफसाईड_काका

अमेरिका सोडा हो, त्यावर वाद घालून मी दमलो. स्वीडनचं बोला. २०१३ ची युरो घरच्या मैदानावर, लोट्टा शेलिन फॉर्मात, सेमीत जर्मनीकडून ०-१. २०१५ वर्ल्ड कप, पहिल्याच नॉकआउटला जर्मनीकडून १-४. आणि २०१६ ला रिओमधे जे खेळले त्याला फुटबॉल म्हणायचं? ब्राझीलकडून ग्रुपमधे ५-१ मार खाल्ला, तिसऱ्या नंबरवरून कसेबसे पुढे गेले आणि मग सगळ्या दहा जणी स्वतःच्या गोलसमोर भिंत करून उभ्या. अमेरिकेशी १-१, पेनल्ट्या. ब्राझीलशी ०-०, पेनल्ट्या. अमेरिकेत पासिंगचा आग्रह म्हणे, आणि इथे बॉल नकोच. निदान एक तत्त्व तरी असावं माणसाचं.

बाकावरचा_बंडू

काका, म्हणजे तुम्ही होप सोलोच्या पार्टीतले. ती पण तेच म्हणाली होती, की आम्ही भित्र्यांच्या टोळीशी हरलो. नाचता येईना अंगण वाकडं. १९९६ पासून प्रत्येक ऑलिंपिकची फायनल खेळलेली अमेरिका पहिल्यांदाच क्वार्टरमधे घरी गेली त्याचं दुःख होतं ते. शेवटच्या पेनल्टीच्या आधी लिसा डाल्क्विस्टला ताटकळत ठेवायला सोलो ग्लव्हज बदलत बसलेली, तरी डाल्क्विस्टने मारलीच!

आणि पियाचं उत्तर ऐकलंत ना? जिंकत असाल तर भित्रं असायला काही हरकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली, आणि वर हे की मी रिओला चाललेय, ती घरी चाललीय 😄

पेनल्टी_स्पॉट

आणि गंमत बघा, हीच ती सोलो जिला हिने २००८ मधे टीममध्ये परत आणलं.

काका, तत्त्वाबद्दल: मला उलट वाटतं. त्या मॅचच्या आधी तुमच्याकडे काय माल आहे, समोर कोण आहे, आणि ब्राझीलशी उघडं खेळल्यावर काय झालं (५-१!) हे बघून जी कोच आपला खेळ बदलते ती हुशार. स्वीडनकडे तेव्हा अमेरिकेसारखा वेग नव्हता. मग मागे दाटून उभं राहायचं, मधल्या फळीने आत यायचं, समोरच्यांना कडेने क्रॉस मारायला लावायचे कारण हेडिंगमधे स्वीडिश सेंटरबॅक भारी, आणि बॉल हिसकावला की एक लांब पास पुढच्या पळणारीला. ब्लॅकस्टेनियसचा गोल अगदी तसाच आला, लिसा डाल्क्विस्टचा लांब पास, हिने एकटीने पळवून सोलोला चकवलं. दिसायला देखणं नाही, मान्य. पण १२० मिनिटं त्या रांगा मोडू न देणं हे कोचिंगच आहे की. मुलींना घरी बसून सांगा बरं, दोन तास बॉल मिळणार नाही तरी जागा सोडायची नाही. दहा मिनिटांत एकतरी धावतेच पुढे.

फायनलला माराकानावर जर्मनीकडून १-२, त्यातला एक स्वतःच्याच खेळाडूचा सेल्फ गोल. ऑलिंपिक फुटबॉलमधे स्वीडिश बायकांचं पहिलं मेडल ते.

चौथा_अंपायर

सेमी माराकानावर ब्राझीलविरुद्ध, त्यांच्याच घरी हरवलं, आणि पुढे त्याच ब्राझीलने तिला कोच म्हणून बोलावलं? हे असं होतं फुटबॉलमधे? आमच्याकडे क्रिकेटमधे पण होतं म्हणा, मारतो त्यालाच नेमतात.

निळी_जर्सी

हो, २०१९ च्या वर्ल्ड कपनंतर नेमली. ब्राझीलच्या महिला टीमची पहिली परदेशी कोच. मार्ता, फॉर्मिगा या सगळ्या मोठ्या खेळाडू वयाने उतरतीला लागलेल्या, पुढची पिढी अर्धवट तयार. तिने क्रिस्तियानेला टोकियो ऑलिंपिकच्या टीममधून वगळलं त्यावर तिकडे भरपूर आरडाओरडा झाला. टोकियोत क्वार्टरला कॅनडाशी ०-० आणि पेनल्ट्यांवर घरी. २०२२ ची कोपा अमेरिका मात्र सहाच्या सहा मॅचेस जिंकून, एकही गोल न खाता. फायनल कोलंबियाशी त्यांच्याच देशात, देबिन्याच्या पेनल्टीवर १-०.

ऑफसाईड_काका

वासरात लंगडी गाय शहाणी. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलने कोपा जिंकणं ही बातमी आहे का? त्यांनी ती सोडून दिलीय असं किती वेळा झालंय, एकदा. आता २०२३ च्या वर्ल्ड कपबद्दल कोणी का बोलत नाही? पनामाला ४-०, मग फ्रान्सकडून १-२, आणि जमैका. जमैका!! जिंकायलाच हवं होतं, ०-० करून ग्रुपमधेच बाहेर, १९९५ नंतर पहिल्यांदा. मार्ताचा शेवटचा वर्ल्ड कप असा संपवला. आणि गंमत म्हणजे जमैकाने तेच केलं जे हिने रिओत केलं होतं, मागे उभे राहिले. स्वतःचंच औषध. हिला त्याचं उत्तर सापडलं नाही. काढल्यावर आर्थर एलियास आला आणि एका वर्षात ऑलिंपिकची फायनल खेळला. माणसं साधारण तीच की.

पेनल्टी_स्पॉट

हा मुद्दा जड आहे, मी नाही म्हणणार नाही. जमैकाची मॅच बघताना चिडचिड झाली होती, क्रॉसवर क्रॉस, सगळे सेंटरबॅकच्या डोक्यावर. ब्राझीलसारख्या टीमकडे बॉल पायाशी ठेवून आत घुसणाऱ्या पोरी असताना त्यांना खांब लावल्यासारखं रांगेत उभं केलं असं मला तेव्हाही वाटलं. ब्राझीलला शिस्त हवी म्हणून स्वीडिश कोच आणली, शिस्त आली, कोपात एकही गोल नाही खाल्ला ते त्यामुळेच, पण पुढचं अर्धं हातात आलं नाही. एलियासने जास्त जोखीम घेतली, ते त्या टीमला मानवलं.

म्हणजे माझा मुद्दा थोडा नीट मांडते. बंडूने जे बाकावरच्यांचं सांगितलं ना, ते तिथे जमतं जिथे टीम अडचणीत आहे, कोणीतरी मोडलंय, सगळ्यांना वाटतंय आता संपलं. तिथे ती भारी. पण जिथे पहिल्या मिनिटापासून आपण वरचढ आहोत आणि समोरचं कुलूप फोडायचंय, तिथे तिच्याकडे फार चाव्या नसतात.

डावा_विंगर

स्वित्झर्लंड त्यात बरोब्बर बसतं. युरोच्या आधी त्या वर्षी युरोपच्या नेशन्स लीगमधे एकही मॅच जिंकलेली नाही, तिथून खालच्या गटात घसरलेले, रमोना बाखमानचा गुडघा स्पर्धेच्या तोंडावर गेला, आणि त्यात ती बातमी बाहेर आली की सरावाच्या मॅचमधे लुत्सर्नच्या १५ वर्षांखालच्या मुलांकडून १-७ ने हरले. सगळ्या जगात थट्टा. (मुलांविरुद्ध सराव सगळ्याच टीम्स करतात, आणि स्कोअरसाठी कोणी खेळत नाही तिथे, पण हेडलाइन बनवणाऱ्यांना काय.) पहिली मॅच नॉर्वेशी १-२. मग आइसलंडला २-०, मग फिनलंडशी ते ९२ व्या मिनिटाचं. टीममधे सिडनी शेर्टेनलाइब, इमान बेनी, नोएमी इव्हेल्य या सगळ्या अठराच्या आसपासच्या. बर्नला स्पेनकडून ०-२, पण स्पेनने दोन पेनल्ट्या वाया घालवल्या आणि साठ मिनिटं तरी गोल होऊ दिला नाही स्विस पोरींनी. मॅच संपल्यावर स्पॅनिश खेळाडूंनी दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवून त्यांना मैदानाबाहेर सोडलं.

पंधराव्या वर्षी स्वतः सीनियर टीममधे खेळलेली बाई अठरा वर्षांच्या पोरींना "अजून लहान आहेस" म्हणून बसवणार कशी?

सध्या_वाचनमात्र

लेखिकाताई, धागा आवडला. एक शंका. खेळणं संपलं आणि थेट अमेरिकेची कोच असं तर नसेल ना? मधली दहा वर्षं कुठे होती?

पेनल्टी_स्पॉट

छान प्रश्न. थेट अजिबात नाही. १९९२ ते ९४ स्वीडनच्या हम्मारबी क्लबमधे खेळता खेळताच कोच. मग स्वीडनमधे आणि बाहेर असिस्टंट वगैरे, पुढे अमेरिकेत डब्ल्यूयूएसए नावाची बायकांची प्रोफेशनल लीग सुरू झाली तिथे फिलाडेल्फिया चार्जची असिस्टंट. २००३ ला बॉस्टन ब्रेकर्सची मुख्य कोच, टीम साखळीत पहिली आणि हिला लीगची कोच ऑफ द इयर. आणि त्याच वर्षी लीगच बुडाली, पैसे संपले. पुरस्कार हातात आणि नोकरी गायब. परत स्कॅंडिनेव्हियात, नॉर्वे, मग स्वीडनमधे एरेब्रो. २००७ च्या वर्ल्ड कपला ती चीनच्या टीमची असिस्टंट होती, मारिका डोमान्स्की-ल्यूफॉर्सच्या हाताखाली. म्हणजे ती सोलोची भानगड झाली त्याच स्पर्धेत ही दुसऱ्या टीमच्या बाकावर बसलेली होती. दोन महिन्यांत अमेरिकेचा फोन.

चौथा_अंपायर

आता एक आकडेवारीचा खेळ. तुमच्या सगळ्यांच्या पोस्टमधे पेनल्टी शूटआउट एवढ्यांदा आलंय, की हिचा हिशोब काय लागतो? मोठ्या स्पर्धांमधला, खेळाडू आणि कोच मिळून.

निळी_जर्सी

१९८४ इंग्लंड, जिंकल्या. १९९५ वर्ल्ड कप क्वार्टर, स्वीडनमधेच, चीनकडून हार. २०११ वर्ल्ड कप क्वार्टर, ब्राझील, जिंकल्या. त्याच स्पर्धेची फायनल, जपान, हार, पहिल्या तिन्ही पेनल्ट्या अमेरिकेने वाया घालवल्या. २०१६ अमेरिका आणि ब्राझील, दोन्ही जिंकल्या. २०२१ कॅनडा, हार. २०२३ ची फिनालिसिमा (युरो आणि कोपाच्या विजेत्यांमधली मॅच) वेम्बलीवर, इंग्लंडकडून हार (तिथे पण बरोबरीचा गोल इंज्युरी टाइममधे बदली आलेल्या आंद्रेसा आल्वेसचा, बंडू नोंद घ्या). चार विजय, चार हारी.

बाकावरचा_बंडू

नोंद घेतली, यादीत टाकली. आता त्या फिनालिसिमात समोर कोच कोण होती? सारिना वीगमन. ती पण माजी इंटरनॅशनल खेळाडू, आणि २०१७ च्या युरोत तिच्या नेदरलँड्सने पियाच्या स्वीडनला क्वार्टरमधे २-० ने घरी पाठवलेलं. वीगमनने दोन वेळा हिचा काटा काढलाय.

ऑफसाईड_काका

वीगमनचा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने बोलेन. तीन युरो, दोन वेगळ्या देशांबरोबर. तिला आयतं मिळालं असं मी म्हणणार नाही, नेदरलँड्स तेव्हा कोण विचारत होतं.

पेनल्टी_स्पॉट

काढते काका, पण तिथे वर्ल्ड कपच्या दोन हरलेल्या फायनल्स मी मोजणार, आत्ताच सांगून ठेवते.